देहाच्या दिशा आणि बोलणाऱ्याची जागा

वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे हे भाषेतील अगदी साधे शब्द समजले जातात. मूल ते फार लवकर शिकते, कोशकार त्यांच्यावर फार वेळ घालवीत नाही आणि समीक्षक त्यांची दखलही घेत नाही. वस्तुतः या शब्दांना स्वतःचा असा स्थिर अर्थ नसतो. 'डावीकडे' म्हणजे कोठे, याचे उत्तर बोलणारा कोठे उभा आहे आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे हे कळल्याखेरीज देता येत नाही. कार्ल ब्यूलर या मानसशास्त्रज्ञाने १९३४ साली भाषेच्या सिद्धान्तावरील आपल्या ग्रंथात या शब्दांचा विचार करताना 'मी', 'येथे' आणि 'आता' या तिहींच्या छेदनबिंदूला मूलस्थान मानले. तेथून दिशा फुटतात आणि म्हणून तेथे उभा असलेला माणूस प्रत्येक दिशावाचक शब्दात न बोलता उपस्थित असतो.

ज्ञानाचा एक प्रांत मात्र असा आहे, की जेथे या उपस्थितीला जाणीवपूर्वक रजा देण्यात आली आहे. तो प्रांत म्हणजे शारीरशास्त्र. मानवी देहाच्या वर्णनात डावे-उजवे, वरचे-खालचे, पुढचे-मागचे हे सर्व शब्द येतात. परंतु ते वर्णन करणाऱ्याचे नसतात, ज्याचे वर्णन चालले आहे त्या देहाचे असतात. ही केवळ व्यवहाराची सोय नव्हे. ती भाषेतील एक मोठी त्यागाची कृती आहे. मराठीने या शब्दांचे पर्याय घडविताना शब्द तर आणले, पण ही कृती आणली काय, आणि ती बाहेरून आणण्याची खरोखर गरज होती काय, या दोन प्रश्नांभोवती प्रस्तुत विवेचन आहे. त्यासाठी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा प्रदेश निवडण्याला कारण आहे. मराठी परिभाषेच्या घडणीचे एक केंद्र वाईला होते, वैद्यकाचे एक मोठे केंद्र मिरजेला आहे, आणि या दोहोंना जोडणारी कृष्णा स्वतःच दिशांच्या भाषेचा एक पाठ आहे.

प्रथम संकेत कोणता, ते पाहिले पाहिजे. शारीरशास्त्र असे गृहीत धरते, की देह नेहमी ताठ उभा आहे, त्याचे तोंड समोर आहे, पावले जुळलेली आहेत, हात बाजूंना सोडलेले आहेत आणि तळहात पुढे वळलेले आहेत. यानंतर देह कसाही असो, पालथा, उताणा, कुशीवर किंवा विच्छेदनाच्या टेबलावर निश्चेष्ट, त्याचे वर्णन तो जणू त्याच ठेवणीत उभा आहे असे मानून केले जाते. डोक्याकडचे ते सुपीरियर, पायांकडचे ते इन्फीरियर. छातीपोटाकडचे अँटीरियर, पाठीकडचे पोस्टीरियर. मध्यरेषेजवळचे मीडियल, तिच्यापासून दूरचे लॅटरल. हातापायांत धडाकडचे ते प्रॉक्सिमल, बोटांकडचे ते डिस्टल. तळहात पुढे का वळवायचे, तर तसे केल्यावर प्रकोष्ठाची दोन्ही हाडे एकमेकांना न ओलांडता शेजारी शेजारी राहतात आणि अंगठा निःसंदिग्धपणे बाहेरच्या बाजूस येतो. एरवी कोणताही माणूस असा उभा राहत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन परंपरेतील कायोत्सर्ग मुद्रा तिच्या बरीच जवळ जाते. पण तेथेही तळहात मांड्यांकडे असतात. म्हणजे शारीरशास्त्राचा हा आदर्श देह कोणा जिवंत माणसाचा नाही. तो सर्वांनी मिळून मान्य केलेला एक करार आहे.

या कराराचा सर्वांत अवघड भाग डाव्या-उजव्याचा आहे. विद्यार्थी मृतदेहासमोर उभा असतो तेव्हा त्याच्या डाव्या हाताला मृतदेहाची उजवी बाजू येते. छातीच्या क्ष-किरण चित्रातही रुग्ण पाहणाऱ्याच्या समोर उभा आहे असे मानलेले असते. म्हणून चित्राच्या डाव्या बाजूस रुग्णाचा उजवा भाग दिसतो, आणि फिल्म उलटी टांगली जाऊ नये यासाठी तिच्यावर बाजूची खूण ठेवावी लागते. क्वचित एखाद्या माणसाचे हृदयच उजव्या बाजूस असते. खूण नसेल तर तो माणूस वेगळा आहे की फिल्म उलटी आहे, हे चित्रावरून ठरविणे कठीण होते. एका बाजूची शस्त्रक्रिया दुसऱ्या बाजूस होणे ही कल्पित भीती नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी जी तपासणीसूची प्रसृत केली, तिच्यात भूल देण्यापूर्वी शस्त्रक्रियेची जागा देहावर खुणावली आहे काय, ही विचारणा आहे. 'उजवे' या शब्दाचा मालक कोण, हा प्रश्न येथे व्याकरणाचा राहत नाही. एखाद्याच्या मूत्रपिंडाचा होतो.

मराठीची अडचण, आणि तिची श्रीमंतीही, येथेच सुरू होते. शारीरशास्त्राला देहाचे वर्णन करण्यासाठी अवकाशाचे शब्द हवे असतात. मराठीने तर अवकाशच देहापासून घडविला आहे. सातारा-सांगलीकडे शेताची बाजू सांगताना 'उजव्या अंगाला', 'वरच्या अंगाला', 'ओढ्याच्या अंगानं' असे सहज म्हटले जाते. येथे अंग म्हणजेच दिशा. डोंगराला माथा, पायथा आणि सोंड असते. जमिनीच्या दप्तरात लागवडीस निरुपयोगी तुकडा 'पोटखराब' म्हणून लिहिला जातो. कायद्यात पोटकलम आणि समाजात पोटजात असते. मागून येणारा पाठोपाठ येतो, टाळणारा बगल देतो, आणि काही अगदी समोर आले तर ते तोंडावर येते. ज्या भाषेत पाठ हाच 'मागे'चा अर्थ आहे, त्या भाषेत 'पाठ मागे असते' हे विधान काहीच सांगत नाही. आणि तो देह उताणा निजलेला असेल तर पाठ खाली जाते, 'मागे' नाहीसे होते आणि 'वर' या शब्दाला छाती व डोके असे दोन दावेदार उभे राहतात. देहाने उसनी दिलेली नाणी देहाच्याच बाजारात चालवायची, हा तो पेच आहे. शारीरशास्त्राचा करार या पेचातूनच निघाला.

परिभाषा घडविणाऱ्यांना हा पेच माहीत नव्हता असे म्हणता येणार नाही. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी भाषेसंबंधीच्या शासकीय प्रयत्नांना संस्थारूप आले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत वाढलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्याआधी, १९७३ साली, परिभाषा संग्रह बाहेर आला. हा क्रमच बोलका आहे. ज्ञान मराठीत आणायचे तर आधी शब्दांची तजवीज हवी, ही त्यामागील भूमिका होती. कृष्णेच्या घाटांच्या गावात बसून, संस्कृत शास्त्रांची आणि आधुनिक विद्यांची जाण असलेल्या माणसांनी केलेले हे काम मराठीच्या इतिहासात सामान्य नाही, आणि त्याची टवाळी करण्याची जी सोपी रीत पुढे रूढ झाली ती येथे अभिप्रेत नाही.

तरीही एका शब्दापाशी थांबावे लागते. तो शब्द 'अधर'. मराठी शास्त्रीय लेखनात अग्र, पश्च, पृष्ठीय, पार्श्व, अभिमध्य, समीपस्थ, दूरस्थ यांच्या जोडीने व्हेन्ट्रल या संज्ञेसाठी तो रुळला. विश्वकोशातील प्राण्यांवरील नोंदींत त्याच्यापुढे कंसात 'खालची' असा खुलासाही येतो. माशाच्या, सरड्याच्या, बैलाच्या बाबतीत हे बिनचूक आहे. त्यांचे पोट जमिनीकडे असते. माणूस मात्र उभा राहिला, आणि त्याचे पोट खालून पुढे आले. व्हेन्ट्रल या शब्दाच्या मुळाशी पोट आहे, त्यामुळे प्राणी आडवा असो वा उभा, तो शब्द पोटाबरोबर फिरतो. 'अधर'च्या मुळाशी 'खालचे' ही दिशा आहे. ती पृथ्वीशी बांधलेली आहे, देहाशी नाही. म्हणून मानवी शारीरात 'अधर बाजू' हे शब्द वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या मनात तळपाय उभे राहतात. आणि तो साहित्याचा वाचक असेल तर त्याआधी ओठ. येथे दोष शब्दाच्या क्लिष्टपणाचा नाही. भाषांतरात शब्दाची उभी राहण्याची जागा बदलली, हा तो दोष आहे.

संस्कृतातील दिशाशब्दांचा स्वभाव पाहिला म्हणजे असे का घडले ते उमगते. पूर्व म्हणजे उगवती, आणि पूर्व म्हणजे समोरचे व आधीचे. पश्चिम म्हणजे मावळती, आणि मागचे. दक्षिण ही एक दिशा आहे आणि उजवा हातही आहे. या सर्व शब्दांत उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा असलेला एक माणूस गृहीत आहे. तो कर्ता आहे, पाहणारा आहे. जग त्याच्याभोवती रचले गेले आहे. ब्यूलरचे मूलस्थान याहून चांगले कोणत्या शब्दसमूहात सापडेल? आयुर्वेदाची स्थितीही पाहण्यासारखी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह संथ नदीच्या पाण्यात, झाकल्या जागी सात रात्री ठेवून मग थर खरवडीत पाहण्याची रीत सांगितली आहे. प्रत्यक्षाचा असा आग्रह धरणारा हा ग्रंथ नाभीपासून निघणाऱ्या चोवीस धमन्यांची विभागणी करतो तेव्हा दहा ऊर्ध्वगामी, दहा अधोगामी आणि चार तिर्यग्गामी अशी करतो. दिशा येथे स्थानाची नाही, वाहण्याची आहे. 'ऊर्ध्वजत्रुगत' या संज्ञेत मात्र जत्रु, म्हणजे गळ्याजवळचे हाड, ही देहाचीच खूण मापासाठी घेतली आहे, आणि आधुनिक संकेताच्या ती सर्वांत जवळ जाते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत कलकत्त्याच्या कविराज गणनाथ सेनांनी 'प्रत्यक्षशारीरम्' लिहून पाश्चात्त्य शारीराला संस्कृत संज्ञा दिल्या. साताऱ्याच्या आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाच्या नावातही आर्य आणि आंग्ल यांचा संधी करण्याची तीच उमेद दिसते. संधी शब्दांचा झाला. दोन भूमिकांचा संधी अधिक कठीण होता.

मिरजेला हे सर्व एका वेगळ्या रूपात समोर येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम वॉन्लेस यांनी येथे मिशनचे रुग्णालय उभारले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. या महाविद्यालयात तासगावकडून किंवा खटावकडून, दहावीपर्यंत मराठीतून शिकून आलेली एखादी मुलगी कल्पावी. तिला इंग्रजी संज्ञा पहिल्या वर्षीच पाठ होतात. त्या परक्या असतात हीच त्यांची सोय असते, कारण मीडियल किंवा प्रॉक्सिमल या शब्दांना तिच्या मनात दुसरा कोणताही अर्थ नसतो. अडचण तिला वॉर्डात येते. तिच्या आजीच्या वयाची बाई सांगते, 'बेंबीच्या खालच्या अंगाला दुखतंय, मग उजव्या कुशीत जातंय, आन् पाठीत भरून येतंय.' या वाक्यात वेदनेचे स्थान, तिची वाट आणि तिची गती, तिन्ही अचूक आहेत. ते बोलणे अडाणी नव्हे. ते एका वेगळ्या मूलस्थानावरून केलेले शारीरवर्णन आहे, आणि ते मूलस्थान म्हणजे दुखणारा देह. ती मुलगी हे वाक्य इंग्रजी संज्ञांत लिहून घेते आणि पुढचे प्रश्न त्या संज्ञांतच विचार करून विचारते. बाईच्या मराठीचा आणि परिभाषेतील मराठीचा या सबंध प्रक्रियेत कोठेही संबंध येत नाही. २०२२ साली मध्य प्रदेशात वैद्यकाची पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके निघाली. त्यांत इंग्रजी संज्ञा बहुतांशी नागरी लिपीत तशाच ठेवल्या होत्या. संस्कृत घडण की लिप्यंतर, एवढ्यापुरताच हा वाद मर्यादित राहिला तर त्या बाईचे वाक्य दोन्ही पक्षांच्या बाहेरच राहील.

खरे तर शारीरशास्त्राचा संकेत, म्हणजे ज्याचे वर्णन आहे त्यालाच त्याचे डावे-उजवे बहाल करण्याचा संकेत, या प्रदेशातील मराठीला मुळीच परका नाही. त्याची तीन उदाहरणे देता येतील. पहिले नदीचे. सांगलीत कृष्णेच्या घाटावर उभ्या असलेल्या माणसाला सांगलवाडी पैलतीरी दिसते. सांगलवाडीच्या माणसाला सांगली पैलतीरी दिसते. ऐल आणि पैल हे बोलणाऱ्याचे शब्द आहेत. १९२९ सालच्या आयर्विन पुलावरून चालत गेले की ते अदलाबदल करतात. पण डावा तीर आणि उजवा तीर हे शब्द पुलावर बदलत नाहीत, कारण ते नदीचे आहेत. नदी ज्या दिशेने वाहते तिकडे तोंड केले म्हणजे डाव्या हाताला येतो तो डावा तीर. वाईजवळच्या धोम धरणाचा डावा कालवा आणि उजवा कालवा याच हिशेबाने ठरतात. कोयना आणि वारणा कृष्णेला उजव्या अंगाने मिळतात, येरळा डाव्या. ज्या शेतकऱ्याची पाळी डाव्या कालव्यावर आहे, तो कालव्याकडे तोंड करो की पाठ, त्याचा कधी घोटाळा होत नाही. नदीला स्वतःचे अंग आहे हे त्याने मान्य केलेले असते.

दुसरे उदाहरण उसाचे. उसाला बुडखा असतो आणि शेंडा असतो. उभ्या पिकात बुडखा खाली असतो. तोडणी होऊन ऊस मोळीत आडवा झाला, गाडीत उलटसुलट पडला, तरी बुडखा बुडखाच राहतो. प्रॉक्सिमल आणि डिस्टल यांचे याहून नेमके मराठी स्पष्टीकरण शोधून सापडणार नाही. 'समीपस्थ' हा शब्द वाचताच 'कोणाच्या समीप?' असा प्रश्न पडतो आणि वाचक नकळत स्वतःला तेथे उभे करतो. 'धडाकडचे' आणि 'टोकाकडचे' या शब्दांत तो प्रश्नच उद्भवत नाही.

तिसरे उदाहरण देवळातले. उजव्या सोंडेचा गणपती म्हणतात तेव्हा उजवी बाजू देवाची असते, दर्शन घेणाऱ्याची नव्हे. समोर उभ्या भक्ताला ती सोंड आपल्या डाव्या हाताकडे वळलेली दिसते. त्याच देवळात प्रदक्षिणा घालताना मात्र देव भक्ताच्या उजव्या हाताला ठेवायचा असतो. एकाच गाभाऱ्याशी दोन मूलस्थाने नांदतात आणि अक्षरओळख नसलेल्या माणसाचाही त्यांत गोंधळ होत नाही. मराठी मनाला दुसऱ्याचे उजवे ओळखता येत होते. परिभाषा घडविताना या ओळखीला हाक मारली गेली नाही, एवढेच.

ही हाक का मारली गेली नाही, याचा विचार करताना दिशांच्या आणखी एका गुणधर्माकडे वळावे लागते. भाषेत दिशा कधी नुसत्या दिशा नसतात. त्यांना मोल चिकटलेले असते. उत्तर म्हणजे वरचे, त्याची पराकाष्ठा उत्तम. अधर म्हणजे खालचे, त्याची पराकाष्ठा अधम. एकाच रचनेची ही दोन टोके आहेत. मराठीत कूस उजवते, माणूस डावलला जातो आणि वागणुकीत डावे-उजवे केले जाते. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात तर एका देहाच्या मुख, बाहू, मांड्या आणि पाय या वरून खाली येणाऱ्या क्रमावर चार वर्णांची मांडणी झाली आहे. देहातील वर-खाली हे समाजातील वर-खाली ठरले ते अशा प्रतिमांच्या आधारे. खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'च्या आरंभीच या प्रतिमेवर जो हल्ला चढविला, त्याची पद्धत लक्षणीय आहे. त्यांनी तिला तत्त्वज्ञानाने उत्तर दिले नाही. मुखातून जन्म झाला असेल तर मुखात गर्भाशय होते काय, आणि असेल तर त्याचे बाकीचे धर्म कसे पार पडत, या धाटणीचे सरळ शारीरिक प्रश्न त्यांनी केले. रूपकातील देहाला त्यांनी शारीरशास्त्राच्या देहासमोर आणून उभे केले, आणि रूपक टिकेना.

गावाच्या रचनेतही तेच. पाणवठ्यावर वरच्या अंगाला कोणी पाणी भरायचे आणि खालच्या अंगाला कोणी, हे ठरलेले असे. म्हणजे नदीचे वरचे-खालचे, जे खरे तर नदीचे स्वतःचे, कोणाचाही पक्ष न घेणारे मोजमाप, तेही माणसांच्या उतरंडीसाठी वापरले गेले. १९०० साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांनी आपल्या शाळकरी वयाविषयी पुढे लिहिले, त्यात नळाची हकीकत आहे. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसेल तर नाही. जेथे नळ नव्हता तेथे ओंजळीत वरून पाणी ओतण्याची रीत होती. 'वरून' हे क्रियाविशेषण अव्यय त्या ओंजळीपाशी केवळ दिशा दाखवीत नव्हते.

या पार्श्वभूमीवर शारीरशास्त्रातील सुपीरियर आणि इन्फीरियर यांचे महत्त्व ध्यानात येते. त्या शब्दांनाही मूळ भाषेत श्रेष्ठ-कनिष्ठ असे अर्थ आहेत. परंतु शारीरात हृदयाकडे रक्त आणणाऱ्या दोन महाशिरांपैकी एक सुपीरियर आणि दुसरी इन्फीरियर म्हटली, म्हणून दुसरीचा अधिकार उणा होत नाही. संकेताने शब्दातील मोल पुसून टाकले आहे. १८९५ साली बाझेल येथे शारीरसंज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी झाली तेव्हा सुमारे पन्नास हजार नावांतून पाच हजारांच्या आसपास नावे ठेवण्यात आली. १९९८ साली नवी प्रमाण यादी आली. ही छाटणी पुनरुक्तीची होती, तशीच शोधकांच्या नावांनी चाललेल्या मालकीहक्काचीही होती. मराठी परिभाषेला नुसते प्रतिशब्द पुरणार नव्हते. मोल पुसण्याचे हे कामही करावे लागणार होते. उत्तम-अधमाच्या घरातील 'अधर' हा शब्द निवडल्याने ते काम झाले नाही. 'पोटाकडचे', 'पाठीकडचे', 'डोक्याकडचे', 'पायांकडचे' हे शब्द विद्वत्तेला शोभणारे वाटले नसतील. पण त्यांत सूर्य नाही, यजमान नाही, उतरंड नाही. फक्त देह आहे. आणि मिरजेच्या वॉर्डातील बाईला ते न शिकवता समजतात.

साहित्याच्या अभ्यासकाला यात काय, असा प्रश्न येथे साहजिक आहे. समीक्षाही वर्णनाचीच विद्या आहे, आणि तिच्यातही दिशावाचक शब्दांचा सुळसुळाट आहे. केंद्र आणि परीघ, मुख्य प्रवाह, उच्चभ्रू आणि तळागाळातील, पुढारलेले आणि मागास, डावे आणि उजवे. एखाद्या ग्रामीण किंवा दलित आत्मकथनाविषयी ते 'मुख्य प्रवाहापासून दूर' आहे असे लिहिले जाते, तेव्हा 'दूर' हा शब्द ऐलतीर-पैलतीरासारखा वापरलेला असतो, पण डाव्या-उजव्या तीरासारखा खपविला जातो. लिहिणारा स्वतः कोठे उभा आहे हे वाक्यात दिसत नाही. अंतराचा भार मात्र त्या आत्मकथनावर पडतो. ज्याला 'तळ' म्हटले तेथे राहणाऱ्याच्या दृष्टीने तो तळ नसतो. ते घर असते.

संहितेचे उजवे संहितेलाच द्यावे, हा येथील आग्रह आहे. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. देहाची आदर्श ठेवण हा जसा करार आहे, तशीच संहितेची 'स्वतःची' ठेवण हीसुद्धा निसर्गदत्त गोष्ट नाही. ती वाचकांनी एकमेकांत ठरवावी लागते, आणि वाचकाची भूमिका पुसून टाकणारी निर्विकार वस्तुनिष्ठता तिच्यातून निघत नाही. शारीरशास्त्रज्ञही आपले डावे-उजवे विसरत नाही. हातात शस्त्र धरताना त्याला ते लागतेच. तो एवढेच करतो, की बोलताना आपले मूलस्थान बाजूला ठेवतो आणि दोन्हींचे नाते दर वेळी मनात जुळवून पाहतो. चूक होते ती हे जुळवणे थांबते तेव्हा.

मराठीतून वैद्यक शिकविण्याची चर्चा जेव्हा जेव्हा होईल, तेव्हा संज्ञा संस्कृत असाव्यात की इंग्रजी, याआधी त्या कोणाच्या बाजूने बोलतात हे पाहिले जावे. नदीकाठच्या, उसाच्या फडातल्या आणि देवळातल्या मराठीत त्याचे उत्तर तयार आहे. मराठी विभागांतील अभ्यासकांनी ते गोळा करून वैद्यकाच्या शिक्षकांपुढे ठेवणे, हे त्यांच्याच कामाचा भाग मानायला हवे. या कामात नवे शब्द थोडेच लागतील. आहेत त्या शब्दांत कोण उभा आहे, हे मात्र शब्दागणिक तपासावे लागेल.